काशीस न गेलेला तांब्या

मी आनंदीकाकूंचा फिरकीचा तांब्या बोलतोय. जरा जवळ सरकून बसा. माझं तोंड अरुंद आहे, पण पोटात माल पुष्कळ आहे. आणि आधीच सांगून ठेवतो, भांड्यांच्या जातीत मी थोडा बढाईखोर म्हणून ओळखला जातो. चुलीवरच्या तपेल्याला विचारलंत तर ते म्हणेल, याच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्या. तुम्ही चतकोर सोडा, म्हणजे बरोबर होईल.

राजापूरच्या बाजारात एका तांबटाने मला घडवलं. त्या दिवशी असा ठणठणाट झाला, की समोरच्या देवळातली घंटा लाजून आठवडाभर वाजली नाही. पोट पितळेचं, तोंडाला आटे, त्यावर फिरकीचं झाकण आणि झाकणाखाली पाणी प्यायची वाटी. आडवा धरा, पालथा धरा, बैलगाडीतून गडगडत न्या, थेंब म्हणून सांडायचा नाही. पोटात गेलेलं पोटातच ठेवणारा असा प्राणी माणसांत मी अजून पाहिलेला नाही.

मला विकत घेतलं काकूंच्या यजमानांनी, काशीयात्रेसाठी. दोघांनी मिळून जायचं ठरलं होतं. पण मी घरात आलो आणि त्याच पावसाळ्यात तापाने ते गेले. काकू तेव्हा विशीच्याही नव्हत्या. पुढे रत्नागिरीच्या त्या घरात त्यांचे केस पांढरे झाले आणि मी फळीवर बसून राहिलो. सणावाराला काकू मला चिंचेने घासत आणि म्हणत, "तुला एकदा गंगेत बुडवायचाय रे, मग मी मरायला मोकळी."

आता घरातल्या मोठ्या माणसाची ओळख करून देतो. भिकाजीपंत, काकूंचे पुतणे. आधी शाळामास्तर होते, मग एके दिवशी नोकरी सोडली आणि कादंबरीकार झाले. त्या काळी पुष्कळ कादंबऱ्या इंग्रजीवरून बेतलेल्या असत. नायिका नऊवारी नेसे, पण वैशाखातसुद्धा शेकोटीपाशी बसे. आपलं तसं नाही, हे जगाला कळावं म्हणून भिकाजीपंतांनी 'भ्रमर' या टोपणनावाखाली 'स्वतंत्र कादंबरीकार' असा शिक्का करून घेतला होता. ते स्वतंत्र होतेच. घर बागायतीवर चाले आणि बागायत सावित्रीवहिनी पाहत. वहिनी त्यांची बायको. वहिनींच्या मते पंत कामापासूनही स्वतंत्र होते.

दर उन्हाळ्यात पंत सुटीवर निघत. सुटी कशापासून, हे कोणी विचारत नसे. "सृष्टिनिरीक्षणावाचून स्वतंत्र लेखन होत नाही," असं ते वहिनींना सांगत, आणि काकूंकडून मला मागून नेत. अशा रीतीने मी साहित्यात शिरलो.

पहिल्या सुटीत आम्ही अंजनवेलीला गेलो. तिथल्या गोपाळगडावर ऐतिहासिक कादंबरी लिहायची होती. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी नायिकेने बुरुजावरून समुद्रात उडी घेतली. पंत दुसऱ्या दिवशी जागा बघायला गेले, तर खाली ओहोटी आणि नुसते खडक! आता हिला वाचवायची कशी? भरतीची वाट बघावी तर फणस पिकले होते, तिकडे लक्ष गेलं. ती बिचारी अजून हवेतच आहे. पुढच्या वर्षी नाटे बंदरात, समुद्रावरच्या चाच्यांची कादंबरी. किनाऱ्यावर सुकत घातलेल्या मासळीचा वास पंतांना सोसवेना. तीन दिवसांत गाशा गुंडाळला. घरी येऊन लिहिलं तेव्हा चाचे शाकाहारी झाले होते आणि गलबत लुटण्याआधी स्नान करत होते.

मग आलं एकोणीसशे अठ्ठावीस साल. पंतांनी जाहीर केलं, की यंदाची सुटी काशीत. कादंबरीचं नावही तयार होतं, 'गंगातीरीची गिरिजा'.

काकूंनी ते ऐकलं आणि हातातलं जातं थांबवलं.

"भिकू, मला नेशील?"

"काकू, तुम्हांला?"

"मी काही ओझं व्हायची नाही हो. एका कोपऱ्यात बसेन. तुझ्या लिहिण्याच्या आड यायची नाही."

"अहो, बोट आहे, पुढे आगगाडी आहे. प्रवास म्हणजे काय, तुम्हांला कल्पना नाही. तुम्हांला झेपायचा नाही तो. पुरुषाचीसुद्धा परीक्षा असते त्यात!"

जातं पुन्हा सुरू झालं. निघायच्या दिवशी त्यांनी मला फळीवरून काढलं, घासून लख्ख केलं आणि पंतांच्या हातात दिलं. "मी नाही तर नाही. हा तरी गंगेत बुडवून आण. शेवटच्या वेळी दोन थेंब तोंडात पडले म्हणजे झालं."

बंदरावर निरोपाला अर्धी आळी लोटली. हार काय, नारळ काय! एकाने तर पंतांना विचारलं, की हिमालय वाटेत लागतो का. आगबोट खोल पाण्यात उभी होती. तिच्यापर्यंत पडावातून जायचं आणि दोरीच्या शिडीने वर चढायचं. पडावाचा तांडेल शिवा. किनाऱ्यापासून दहा वावंही गेलो नसू, तोच पंतांचा चेहरा कच्च्या कैरीसारखा झाला. बोटीपाशी पोहोचेतो पिकल्या केळीसारखा. शिडी हलत होती, पडाव हलत होता, आणि माझ्या झाकणाखालची वाटी खडखडत होती. आता पंतांच्या किंकाळीने बोटीचा भोंगा आपोआप वाजला, हे मी सांगितलं तर तपेलं हसेल. पण वाजला!

"अवो पंत, सिडी हाय, वाघ न्हाय!" शिवा ओरडला. "वरती बगा नि चढा."

"शिवा, पडाव फिरव."

"फिरवतो. मंग तिकडं हार घेऊन हुभी हायत त्यांना काय सांगू? काशी बगून आलं म्हनून?"

पंतांनी किनाऱ्याकडे पाहिलं. आळी अजून उपरणी हलवत होती. त्या उपरण्यांची त्यांना शिडीपेक्षाही जास्त भीती वाटली असावी.

"शिवा, तू... तू मला किल्ल्याला वळसा घालून खाडीपलीकडे भाट्याच्या वाळूवर सोड."

शिवाने वल्हं खाली ठेवलं आणि गंभीरपणे नमस्कार केला. "सोडतो की. काशी कुनीकडं आसंल ती आसंल, आमाला भाट्याचीच वाट ठाव."

अशी आमची यात्रा सुरू झाली. भाट्याहून बैलगाडीने आम्ही पावसला पोहोचलो. तिथे काकूंच्या माहेरची वाडी होती. काकूंचे भाऊ वारले होते, भाचे मुंबईस नोकरीला. घर बंद आणि वाडीची राखण महिपतकडे. महिपत तोंडाने कमी आणि हातांनी जास्त बोलणारा माणूस. पंत म्हणाले, "मी इथे एकांतात लिहायला आलोय, कोणाला सांगू नकोस." त्याने मान हलवली, आणि समोर आंब्यांची टोपली ठेवली.

त्या टोपलीपासून गंगातीरीची गिरिजा मागे पडली ती पडलीच. सकाळी आंबा, दुपारी आंबा, संध्याकाळी विचार करताना आंबा. पंत खळ्यात बाजेवर पडून काशीचं वर्णन लिहीत. वासरू हंबरलं की लिहीत, 'नंदी गंभीर घोष करीत होता.' महिपतची बायको जनी पलीकडे धुणं आपटू लागली की लिहीत, 'घाटावर यात्रिकांची गर्दी लोटली.' मी शेजारी बसून ऐके. खोटं सांगत नाही, वर्णन छान वठत होतं. मी स्वतः बढाईखोर असल्यामुळे मला दुसऱ्याची कला कळते.

परतायची वेळ आली तेव्हा पंतांची नजर माझ्यावर पडली. मी रिकामा! त्यांना घाम फुटला. आधी राजापूरची गंगा आठवली. ती एरवी जमिनीतून अवचित प्रकट होते, तीही गंगाच मानतात. पण ती पडली पंतांसारखी लहरी. त्या साली तिचा पत्ता नव्हता. शेवटी पंत म्हणाले, "महिपत, हा भर."

"कशानं?"

"पाण्यानं रे! कशानं म्हणजे?"

महिपतने मला वाडीच्या विहिरीत सोडलं. इतक्या वर्षांत असं पाणी पहिल्यांदाच पोटात गेलं. गार, गोड. मग पंतांनी झाकणावर लाख ओतली. प्रकाशकांकडून साभार परत येणाऱ्या अर्धवट हस्तलिखितांच्या पुडक्यांवरची लाख ते खरवडून जपून ठेवत. तिचा साहित्याला झालेला एवढाच उपयोग.

आम्ही भाट्याच्या तरीतून खाडी ओलांडून रत्नागिरीला उतरलो. काशीची बोट भाट्याला कशी लागली, हे विचारायला कोणाला सवड नव्हती, कारण सगळे पाया पडण्यात गुंतले होते. काशीहून आलेल्याच्या पाया पडलं की निम्मं पुण्य आयतं मिळतं. फुकटचं पुण्य कोण सोडतो? शेजारच्या यमुनाबाई पंतांना न्याहाळत म्हणाल्या, "काशीहून माणसं वाळून येतात, तुम्ही चांगले बाळसं धरून आलात. गंगा मानवली हो!"

"काशीत धोतरावर आंब्याच्या चिकाचे डाग पडतात वाटतं?" वहिनी हळूच म्हणाल्या.

"तिकडे... तिकडेही झाडं असतात," पंत म्हणाले.

आणि तेवढ्यात यमुनाबाईंनी विचारलं, "काशीस काय सोडलंत?"

तुम्हांला ठाऊकच आहे, काशीला गेलेल्याने आपल्या आवडीची एक वस्तू तिथे सोडायची, जन्मभर पुन्हा तोंडात घालायची नाही. हुशार लोक कारलं सोडून येतात. पंतांनी कादंबरीचा सगळा आराखडा केला होता, हे एक मात्र ठरवायला विसरले होते. ओटीवर समोर पायरी आंब्यांची रास होती. घाबरलेल्या माणसाच्या तोंडी डोळ्यांना दिसतं तेच येतं.

"आंबा," पंत म्हणाले.

रत्नागिरीत राहून आंबा सोडला! एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. यमुनाबाईंनी दुसऱ्यांदा पाया पडून घेतलं. पंतांच्याही डोळ्यांत पाणी होतं, ते मात्र खरं होतं.

पण घरात शिरलो आणि सगळी गंमत उतरली. आम्ही गेल्यापासून काकूंनी अंथरूण धरलं होतं. हाडांवर नुसतं कातडं राहिलं होतं. वैद्यांनी औषध थांबवलं होतं. मला पाहून त्यांनी हात पुढे केला, माझ्या गार पोटावर ठेवला आणि विचारलं, "बुडवलास?"

पंतांनी मान डोलावली.

गंगा घरी आली की तिची पूजा करून मावंदं घालायचं, आळीला जेवू घालायचं, आणि मगच लाख फोडायची. मावंद्याचा दिवस ठरला. आदल्या दिवशी वहिनींनी पंतांना माजघरात गाठलं.

"काकूंचा जीव या तांब्यात अडकलाय. खरं सांगा, यात गंगा आहे ना?"

"लेखकावर संशय घेतेस?"

"लेखकावरच घेतेय. नवऱ्यावर घेतला असता तर कधीच माहेरी गेले असते."

पंत एकटे उरले. त्यांनी मला उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग मागच्या दारी नेऊन जांभ्याच्या पायऱ्यांवर सोडून दिलं, जणू हातातून निसटलो. मी पाच पायऱ्या गडगडलो. पोटाला पोचा आला, पण राजापूरच्या तांबटाचा हात होता तो. आटे हलले नाहीत की लाख तडकली नाही. मीसुद्धा त्या वेळी मनात म्हणत होतो, सांड रे बाबा एकदाचा. म्हातारीला फसवण्यापेक्षा रिकामा बरा. पण सांडणं मला शिकवलेलंच नव्हतं.

मावंद्याला ओटी भरली. मला पाटावर बसवून फुलं वाहिली, आरती झाली. आयुष्यात एकदाच देव झालो, आणि तेव्हा तोंड लपवायला जागा नव्हती. काकूंना उचलून आणून भिंतीशी टेकवून बसवलं. भटजींनी लाख फोडली, झाकण फिरवलं, आणि पहिली पळी काकूंच्या तोंडात घातली.

काकूंनी पाणी गिळलं नाही. तोंडात धरून डोळे मिटून बसल्या. पंत खांबाला धरून उभे होते. शिडीपाशी होता तोच रंग चेहऱ्यावर. मग काकूंनी घोट घेतला आणि डोळे उघडले.

"भिकू, हे कुठल्या घाटावरचं रे?"

"म... मणिकर्णिकेवरचं."

"तिथे पाण्यावर सुरंगीचं झाड ओणवलेलं आहे, होय ना?"

एक सांगायचं राहून गेलं. पावसच्या त्या विहिरीवर सुरंगीचं झाड आहे. फुलं पाण्यात गळतात, कुजतात, आणि त्या पाण्याला असा एक वास येतो, की तो दुसऱ्या कुठल्याही पाण्याला नाही. पंत इतके दिवस ते पाणी प्यायले, पण निरीक्षण काशीचं चालू असल्यामुळे त्यांना तो कळला नव्हता.

"आहे," पंत कसेबसे म्हणाले. "मोठं आहे."

"काशीत सुरंगी?" यमुनाबाईंनी नाकाला बोट लावलं.

"पुराणात उल्लेख आहे," भटजी घाईने म्हणाले. पानं वाढलेली होती.

"गंगाच ही," काकू मोठ्याने म्हणाल्या. "मला आणखी एक पळी द्या."

जेवणं झाली, माणसं पांगली. काकूंनी पंतांना जवळ बोलावलं. पंत आले आणि एकदम त्यांच्या पायांशी बसले. बोलायला तोंड उघडलं, पण काकूंनी हातानेच थांबवलं.

"दादा गेला त्याला किती वर्षं झाली रे? तो होता तोवर दर दिवाळीला मला न्यायला मुराळी यायचा. मग कोणी आलं नाही. न्यायला माणूस आल्याशिवाय लेकीने माहेरी जाऊ नये. पाच कोसांवर माझं घर, पण मी आपण होऊन कशी जाणार? रोज वाट पाहायची, मग ती पाहायचीही सवय गेली." त्यांनी माझ्या पोच्यावरून बोट फिरवलं. "आज हा आला मला न्यायला. गाडी सांग."

"काकू, या अशा प्रकृतीत प्रवास तुम्हांला झे..." पंत अर्ध्यावरच गप्प झाले.

"आणि आंबा सोडलायस तो सोडलायस हो. गंगेला दिलेली वस्तू परत मागू नये."

"पण काकू, ती गंगा..."

"गंगा नव्हती म्हणतोस? बोलाव यमुनाबाईंना."

पंतांनी गाडी सांगितली.

काकू वाटेत जायच्या, असं सगळ्यांनी धरलं होतं. भाट्याच्या तरीत त्या उठून बसल्या. गोळपच्या चढणीवर त्यांनी गाडीवानाला बैल हाकायची रीत शिकवली. पावसला विहिरीपाशी गाडी थांबली तेव्हा स्वतःच्या पायांनी उतरल्या, आणि महिपतला पहिला शब्द काय म्हणाल्या, तर, "मेल्या, राहाटाला तेल नाही घालत?" त्यानंतर तीन पावसाळे त्या तिथे राहिल्या. भाच्यांना कळवलं नाही, कोणाची परवानगी विचारली नाही. रोज सकाळी मला भरून घेत आणि सुरंगीखाली बसत. पंत उन्हाळ्यात भेटीला येत. काकू सगळ्यांना आमरस वाढत आणि पंतांना वरणभात.

'गंगातीरीची गिरिजा' मात्र छापून आली. पंतांची ही एकच कादंबरी शेवटपर्यंत गेली. पुण्याच्या एका परीक्षकाने लिहिलं, की लेखकाने घाटावर दीर्घकाळ वास्तव्य केलेलं पानोपानी दिसतं. मणिकर्णिकेवरच्या सुरंगीचं वर्णन तर लोकांनी पाठ केलं. रत्नागिरीहून काशीस गेलेला प्रत्येक माणूस परत येऊन शपथेवर सांगतो, की ते झाड आपण डोळ्यांनी पाहिलं. यमुनाबाई तर त्याचं वाळलेलं फूल घेऊन आल्या. यातलं चतकोरसुद्धा सोडू नका. मी तपेल्याची शपथ घेतो.

काकू गेल्या तेव्हा यमुनाबाईंनी त्याच यात्रेहून आणलेला, कथलाने झाळलेला खऱ्या गंगेचा गडू उशाशी होता. वहिनींनी तो फोडायला घेतला. काकूंनी मान नाही अशी हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. वहिनींनी मला उचललं. दोन थेंबच मागितले होते. काकू वाटीभर प्यायल्या.

आता मी इथेच असतो, विहिरीच्या काठावर. पोचा तसाच आहे. महिपतची नातवंडं मला पाण्यात सोडतात, वर ओढतात. कल्हई उडाली, पण पोट रिकामं कधी नसतं. परवा पंत वहिनींना घेऊन आले. केस पिकलेत. बाजेवर बसून त्यांनी कोरे कागद काढले आणि वहिनींना म्हणाले, "काकूंवर लिहायचं म्हणतोय. अगदी स्वतंत्र. सुरुवातीला काकू बोटीने काशीस निघतात..."

वहिनींनी कागद बाजूला सारले आणि माझं झाकण फिरवून वाटी त्यांच्यापुढे धरली. "आधी हे प्या. नीट प्या, आणि कसला वास येतोय ते सांगा."

पंत प्यायले. वाटी पुन्हा नाकाशी नेली. मग म्हणाले, "सुरंगीचा."

"मग तिथून लिहा."

मंडळी, पावसला आलात तर तहानलेले या, वाटीभर पाणी देईन. पण पंत अजून पहिल्या ओळीवर आहेत. त्यांना हाक मारू नका.